माशाचे काटे घेऊन जियुगाओकात

आमच्या ह्यांना परदेशात नेणं म्हणजे विकतचं दुखणं. पण टोकियोला जाणं भागच होतं. आमची शू-यून तिथे नोकरी करते, आणि तिथल्याच नाओयाशी तिचं जमलंय. त्या दिवशी त्याच्या आईकडे, सावाकी बाईंकडे, आम्ही पहिल्यांदाच जेवायला जाणार होतो.

"आई, वर्ष होत आलं, तरी मी तिथे पाहुणीच," शू-यून फोनवर म्हणाली होती. "कप विसळायला उठले तरी म्हणतात, राहू द्या, आपण बसा. लग्नाला हो नाही आणि नाहीही नाही. आज बाबांना तेवढं सांभाळ. मोठ्याने बोलू देऊ नकोस."

सकाळी खोली सोडली तेव्हा ह्यांच्या हातात कचऱ्याची पिशवी होती. आदल्या रात्री खाल्लेल्या भाजक्या बांगड्याचे काटे आणि संत्र्यांची सालं. ओला कचरा मागे ठेवू नका, अशी घरमालकाची ताकीद होती, आणि टोकियोच्या रस्त्यावर कचऱ्याचा डबा मिळेल तर शपथ.

जेवायला अवकाश होता म्हणून सावाकी बाईंच्याच वस्तीत, उच्चभ्रू जियुगाओकात, हिंडलो. काय ती शांतता! अख्ख्या दुकानाच्या काचेत एकच कप मांडलेला. कडाक्याच्या थंडीतही बायका अशा तलम मोज्यांत चाललेल्या की मलाच हुडहुडी भरली.

"तो कुत्रा बघ," हे म्हणाले. "माझ्यापेक्षा भारी कोट आहे त्याचा."

"तो कचरा घेऊन हिंडत नाहीये. ठेवा ना ती पिशवी जरा खाली."

"कचरा जमिनीवर? आपल्या गल्लीतल्या कोणी पाहिलं तर?"

आमची गल्ली तैवानातल्या तैनानमध्ये, समुद्रापलीकडे. पण ह्यांच्यापुढे बोलायची सोय नाही. एका दुकानात मी वाडगे बघायला शिरले. हे बांगड्याच्या वासासकट मागोमाग आले, तशी तिथल्या मुलीने गोड हसून दार सताड उघडलं आणि ते उघडंच ठेवलं.

आणि मग कोपऱ्यापलीकडून गाणं ऐकू आलं. गाडीच्या भोंग्यावरचं, टिंगटिंग वाजणारं.

आमच्याकडे कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. सूर कानावर पडला की हातातला घास टाकून सगळी गल्ली पिशव्या घेऊन धावते, कारण गाडी कुणासाठी थांबत नाही. तीस वर्षांची सवय. हे सुटलेच. खोटं कशाला बोलू, मीही धावले.

"थांबा, आमचा राहिला!" हे तैवानीत ओरडत होते. त्या रस्त्यावर एवढा मोठा आवाज बहुधा भूकंपानंतर पहिल्यांदाच झाला असेल.

गाडी एका घरापुढे थांबली. ह्यांनी पिशवी डोक्यावर उचलली, तो मागच्या बाजूला टाकी आणि तोटी. हिवाळ्यात दारोदार रॉकेल विकणारी गाडी होती ती. ड्रायव्हर दोन्ही हात पसरून टाकीपुढे उभा राहिला. हे वाकले, तोही वाकला. शेजारी राखाडी कोटातल्या एक बाई रॉकेलने भरलेला लाल डबा घेऊन बघत होत्या. एवढ्यात त्यांच्यामागचं दार उघडून शू-यून बाहेर आली.

पोरीचा चेहरा बघून माझं काळीज तुटलं. म्हणजे ह्याच सावाकी बाई. संपलं सगळं, मला वाटलं.

बाईंनी तिला काहीतरी विचारलं. "खरं ते सांगून टाक," मी म्हटलं. "आता लपवायला उरलंय काय?"

ती मान खाली घालून सांगत राहिली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, ओठ घट्ट मिटून. मग त्यांनी डबा खाली ठेवला आणि ह्यांच्यापुढे दोन्ही हात केले. चार शब्द बोलल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात," शू-यूनने सांगितलं, "आमच्यात बाहेरचा कचरा माणसं आपल्या घरी घेऊन येतात. तुम्ही इकडे आणलात, बरं केलंत."

ह्यांनी कमरेत वाकून पिशवी दिली. "काटे आहेत म्हणावं त्यांना. जपून."

बाई पिशवी घेऊन वळल्या आणि जाताजाता, मागे न बघता, शू-यूनला डबा आत आणायला सांगितलं. पोरीने तो जड डबा दोन्ही हातांनी उचलला, आणि डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून तशीच रडत आत गेली.