दोन विहिणींचं दुपटं

"एकच न्यायचं म्हणजे एकच," पूर्वी म्हणाली आणि सोफ्यावरच्या ढिगातून तिनं आपल्या मुलीला शोधून बाहेर काढलं.

शोधायला जरा वेळ लागला. मयुरा जेमतेम तीन महिन्यांची, आणि तिच्याभोवती झबली, टोपडी, कुंच्या, लाळेरी, दुपटी, उशांचे अभ्रे असा सगळा ऐवज पसरलेला. एकूण एक वस्तूला क्रोशाची लेस. निम्मा माल पूर्वीच्या आईचा, म्हणजे हेमलताबाईंचा. उरलेला पूर्वीच्या सासूबाईंचा, म्हणजे स्वर्णाजींचा. बाळ जन्माला येण्याआधी त्याचे कपडे करायचे नाहीत हा नियम मराठी माहेरी होता तसाच पंजाबी सासरीही होता. त्यामुळे दोघींनी नऊ महिने हात आवरून धरले होते. बातमी आली आणि दोन धरणांचे दरवाजे एकदम उघडले.

"अगं, पण एकच नेलंस तर ती तिकडे घालणार काय?" हेमलताबाई म्हणाल्या.

"आई, न्यू जर्सीत कपडे मिळतात."

"लेस लावलेले?"

पूर्वीनं मुलीच्या नाकावर आलेलं एक टोपडं बाजूला केलं.

१९९९ साल सरत आलं होतं. सन दोन हजार लागताच जगातले सगळे कॉम्प्युटर चक्रावणार होते, आणि त्यांची समजूत घालायला अमेरिकेनं ज्यांना बोलावलं त्यात जावई पुनीत होता. हेमलताबाईंचे यजमान शांतारामराव यांना या गोष्टीचं विलक्षण कौतुक वाटे. त्यांची नोकरी केंद्र सरकारात झाली. तिथे खुर्चीचा मोडलेला पाय निवृत्त होईपर्यंत तसाच राही. इथे बिघाड व्हायच्या आधीच दुरुस्तीला माणूस निघाला होता!

सरकारी क्वार्टरमध्ये सामानही सरकारीच असायचं. टेबल, खुर्ची, पलंग, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. लग्न होऊन दिल्लीला आलेल्या हेमलताबाईंना पहिल्या दिवशी वाटलं की आपल्यालाही कुठे तरी नंबर घातला असणार. मग त्यांनी क्रोशाची सुई घेतली आणि एकेक नंबर लेसच्या रुमालाखाली झाकला. पुढे दिल्लीतल्याच द्वारकेत स्वतःचा फ्लॅट झाला. तिथे कशावरच नंबर नव्हता, पण हात थांबेना. टीव्ही, फ्रिज, फोन, मिक्सर, इन्व्हर्टर. गॅसच्या सिलिंडरला तर झालरीचा फ्रॉक होता, आणि सिलिंडर बदलायला येणारा माणूस तो अदबीनं उतरवून ठेवी.

"मी एका जागी फार वेळ बसत नाही," शांतारामराव पाहुण्यांना सांगत. "मलाही लावेल."

स्वर्णाजी जवळच्याच जनकपुरीच्या. त्यांच्याही घरी साधारण हीच परिस्थिती. दोघी एकमेकींच्या कामाची मनापासून तारीफ करत.

"बहनजी, कितना कसा हुआ हाथ है आपका," स्वर्णाजी म्हणत. म्हणजे, दोरा विकत आणता की रेशनवर मिळतो?

"आपका कितना खुला-खुला है," हेमलताबाई म्हणत. म्हणजे, यातून वांगी गाळता येतील.

पूर्वी गुडगावच्या एका कंपनीत माणसं सांभाळायच्या खात्यात होती. भांडणं मिटवायचाच तिला पगार मिळे. तिनं मऊ मलमलचा एक मोठा चौकोन दोघींपुढे टाकला.

"दोन बाजू आईच्या, दोन बाजू मम्मीजींच्या. हे एकच दुपटं विमानात जाणार. ओके? चलो, मी निघाले."

हेमलताबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी कुकर लावला आणि त्यात डाळच घातली नाही. अमेरिकेत जाणारी लेस! नखं कापली, करोल बागेतून दोऱ्याचे गुंडे आणवले, सुई साबणानं धुतली. पण सुरुवात कोणी करायची? कोणी केली असती तरी दुसरी जन्मभर ऐकवती. शेवटी दोघी समोरासमोर बसल्या, मध्ये अंतरपाट धरावा तशी मलमल धरली, आणि शांतारामरावांनी "हं" म्हणताच समोरासमोरच्या कोपऱ्यांतून एकदम सुटल्या.

काय तो आठवडा! रोज दुपारी स्वर्णाजी पराठे घेऊन येत. सुया चालत, तोंडं चालत, सोसायटीतल्या बायका बघायला येऊन बसत. हेमलताबाई एका भोकात एक खांब, म्हणजे उभा टाका, घालत तोवर स्वर्णाजी दोन घालत. शेवटची ओळ तेवढी राहिली तेव्हा दुपटं टेबलावर पसरलं.

ते पसरलं नाही. हेमलताबाईंच्या घट्ट लेसनं त्यांच्या दोन बाजू आवळल्या गेल्या होत्या. स्वर्णाजींच्या सैल लेसनं उरलेल्या दोन फुलल्या होत्या. अर्धं दुपटं परातीच्या काठासारखं उभं, अर्धं घागऱ्यासारखं लहरत होतं.

"इकडे कणीक मळता येईल," शांतारामराव म्हणाले, "आणि तिकडे गरबा."



"कोई बात नहीं," स्वर्णाजी शेवटी म्हणाल्या. "बच्ची गिरेगी तो नहीं."

त्या गेल्यावर हेमलताबाईंनी दुपटं मांडीवर ओढलं. "त्यांनी उसवावं. माझे खांब बघा, एकेक कसा उभा आहे शिपायासारखा."

"अगं, एकीनं हात बदलला की झालं," शांतारामराव म्हणाले.

"मग त्यांनी बदलावा."

दुसऱ्या दिवशी पूर्वी मयुराला सोडून व्हिसाच्या कामाला गेली. मयुरा दुपट्यावर पालथी पडली, काठावर गाल टेकून झोपली, आणि उठली तेव्हा तिच्या गालावर खांबांची सरळ ओळ उमटली होती. एकेक शिपाई मोजून घ्यावा. हेमलताबाईंनी बोटानं गाल चोळला, तेल लावलं, फुंकर घातली. मयुरा हसत होती. ओळ बराच वेळ गेली नाही.

हेमलताबाईंनी दोऱ्याचं टोक शोधलं आणि ओढलं. क्रोशाला एक बरं असतं, उसवायला कष्ट नाहीत. आठवड्याचं काम सुर्रकन मांडीत आलं.

मग त्या सैल विणायला बसल्या. दुसऱ्याच्या चपला घालून बाजारात जावं तसं वाटत होतं. बोट सारखं दोरा खेचायला जाई, त्या "हां हां" करून त्याला दटावत. पण दोन ओळींनंतर हात मोकळा झाला आणि त्यांना अशी काही मजा येऊ लागली की त्या स्वतःशीच पंजाबीत बोलायला लागल्या. पंजाबी त्यांना येत नव्हती.

"हेमा, बरं वाटतंय ना?" शांतारामरावांनी दारातून विचारलं.

"बिल्कुल! बघा तरी, पोरीच्या गालाला लागणार नाही आता. आणि चारही बाजू अगदी सारख्या होतील. स्वर्णाजींना मात्र एक अक्षर बोलायचं नाही. मोठं सरप्राइज आहे."

काम मळू नये म्हणून झालेला भाग पंच्यात गुंडाळून शिवून टाकायचा आणि चालू बाजू तेवढी बाहेर ठेवायची, ही दोघींचीही रीत होती. हेमलताबाईंनी आपल्या बाजू तशा गुंडाळल्या आणि शेवटची ओळ घालायला दुपटं शांतारामरावांच्या हाती जनकपुरीला धाडलं.

ते परत आलं ते थेट निघायच्या दिवशी, स्वर्णाजींच्या मांडीवर बसून. बॅगा दारात होत्या. हेमलताबाईंनी टाके कापले, पंचा सोडवला आणि दुपटं टेबलावर टाकलं.

परात होती. फक्त कणीक आता पलीकडे मळावी लागली असती आणि गरबा अलीकडे.

स्वर्णाजींनी डोळे बारीक केले. "बहनजी, आपने ढीला कर दिया?"

"आपने टाइट किया?"

"मेरी जाली में गुड़िया की उँगली फँस गई थी, जी. मैंने सोचा आप तो बदलोगी नहीं, मैं ही बदल लेती हूँ."

"मैंने भी वोही सोचा."

 मग स्वर्णाजींना आधी हसू फुटलं, आणि हेमलताबाईंना इतकं की खुर्ची धरावी लागली.

"एक घंटा दे, बेटा," स्वर्णाजी डोळे पुसत पूर्वीला म्हणाल्या, "फटाफट कर देते हैं."

"कोणती बाजू?" शांतारामरावांनी विचारलं, आणि दोघी एकदम म्हणाल्या, "मेरी!"

"मम्मीजी, टॅक्सी आलीये," पूर्वी म्हणाली. तिनं दुपटं उचललं, त्यात मयुराला ठेवलं. काठ चहूबाजूंनी वर आले आणि मुलगी त्यात पेढ्यासारखी बसली.

विमानतळात फक्त तिकीटवाल्यांना प्रवेश होता. बाकीचे काचेबाहेर. आत पुनीत मशीनवर बॅगा चढवत होता, आणि पूर्वीसमोर एक पोलीसबाई उभी होती. तिनं मयुराला पूर्वीच्या हातात देऊन दुपटं मागून घेतलं, झटकलं, उलटसुलट पाहिलं आणि नीट तपासायला टेबलावर पसरलं. ते पसरेना. तिनं एक अंग दाबलं, दुसरं वर आलं. दुसरं दाबलं, पहिलं वर आलं. मागे रांग वाढत होती. तिनं कोपरापर्यंत हात टेकवून पाहिला.

"कोने से पकड़ो, जी!" स्वर्णाजी ओरडल्या.

"बीच में से! बीच में से बाहर!" हेमलताबाई ओरडल्या.

आत काही ऐकू जात नव्हतं. मग दोघींनी काचेवर तळहात टेकवले आणि करून दाखवू लागल्या. असं. मधून कडेला. हलक्या हातानं.

पोलीसबाईनं नाद सोडला. मयुरा पुन्हा दुपट्यात बसली. पोलीसबाईनं जाता जाता लेसवरून एक बोट फिरवलं आणि रांग पुढे सरकली. पूर्वीनं वळून हात हलवला, मग एक मोठं कुटुंब मध्ये आलं, आणि ते बाजूला झालं तेव्हा तिथे दुसरीच माणसं उभी होती.

काचेवर दोघींचे हात अजून मधून कडेला फिरत होते.