डाव्या वळणाच्या कळ्या

माळीकाकांच्या थोरल्या लेकीला जुळी झाली त्या वर्षीची गोष्ट. काका कॉलेजच्या बागेत कामाला होते आणि मोठे सर वनस्पतिशास्त्र शिकवायला. सरांनी पुस्तक लिहिलं होतं. त्यात छापलं होतं की जास्वंदीच्या मिटल्या कळीत प्रत्येक पाकळी उजव्या शेजारणीवर कड टाकून बसते. झाड मात्र निम्म्या कळ्या खुशाल डावीकडे वळवायचं. झाडाला पुस्तक घ्यायची सक्ती नव्हती, मुलांना होती.

म्हणून दर परीक्षेला काका कळ्या निवडत. टोकाचा पीळ बघायचा. उजव्या ताटल्यांत, डाव्या बादलीत. सर याला शास्त्रीय शिस्त म्हणत.

त्या वर्षी धाकटी लेक परीक्षेला होती. आधी एकदा नापास झालेली. या खेपेला अडली तर नाव कमी होणार होतं. काका जुळ्यांना बघून त्याच सकाळी परतले, हाताला लागेल ती कळी खुडली, तरी चोवीस हव्या तिथे उजव्या तेवीसच भरल्या. चोविसावी डावी. ती दुसऱ्याच्या लेकरापुढे ठेवायला हात होईना. त्यांनी ती धाकटीपुढे ठेवली आणि पुटपुटले, "बयो, पुस्तकातलं काढ."

"मग कळी कशाला देताय, बाबा?"

तिनं ब्लेडनं आडवी चकती कापली, भिंगाखाली ठेवली आणि दिसलं ते काढलं. सर येऊन वाकले.

"चकती उलटी ठेवलीस. पालथी कर, बरोबर येईल."

यात खोटं काही नव्हतं. चकती पालथी केली की डावं ते उजवं दिसतंच. पास होणं एवढं सोपं करून दिलं होतं सरांनी. काका दारातून मान हलवत होते, कर बाई, कर.

धाकटीनं कळीचा उरलेला शेंडा उचलला. "आणि हिचं काय करू, सर? पीळ डावाच आहे."

"अपवाद असतो एखादा," म्हणत सरांनी शून्य लिहायला पेन उघडलं.

मग मात्र काकांना राहवलं नाही. त्यांनी बादली आणून टेबलावर पालथी केली. "हे घ्या अपवाद. एकतीस आहेत. दरसाल फेकतो, सरांच्या हुकमानं."

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा पुसून चार-पाच कळ्या निरखल्या. "सर, या तुमच्या पुस्तकात कितव्या पानावर आहेत?"

सरांना एकाएकी खोकला आला.

धाकटी पास झाली. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत "लेखकाच्या दीर्घ निरीक्षणानुसार" कळ्या दोन्हीकडे वळू लागल्या. काकांच्या नजरेचीही कदर झाली. त्यांना सायकलस्टँडवर नेमलं. तिथे झाड औषधालाही नव्हतं. निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं त्यांनी सायकली ओळीत लावल्या. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी माळीकाका वारले.