पिवळी ज्योत

कोशाचा रेशमी धागा इतका बारीक, का कोनी खोकललं तरी उडते. म्हनून आंधळगावात शकुनबाई कोसा काढाले बसली का आधी पंखा बंद, मंग खिडकी, मंग दार. गॅसच्या शेगडीवर भगोन्यात कोसे शिजत, आन बाई मांडीवर धागा वळत राहे.

त्या दिवशी दुपारी बाहेर थंडी, आत ऊन ऊन वाफ. तिची पोरगी मोना समोर भिंतीले टेकून बसली होती. भिंतीले घाम फुटला होता. भगोन्यात कोसे हळूहळू फिरत, तळ्यात निजलेल्या बदकांवानी. मोनाले वाटे, आपनही त्यातच तरंगून राहिलो. डोकं जड, पाय हलके. माय काहीतरी गुनगुनत होती. मंग गुनगुननं थांबलं.

भिंतीवरून एक थेंब ओघळला, आन मोनाले शाळा आठवली.

दहावीत धनंजय सर म्हनत होते, "गॅस जळला का त्यातून पानी तयार होते."

मोना मागच्या बाकावरून बोलली, "मंग सर, आग इजवाले बंबात पानी कायले भरतेत? दुसरी आगच लावाची!"

वर्ग हसून लोळला. सर भडकले, "निंग बाहेर!"

"चाललीच मी. बोलवाले आले तरी येनार नाई!"

निंगली ते निंगलीच. पन बाहेर चप्पल घालता घालता सरांचं पुढचं कानावर पडलंच होतं, "हवा भरपूर, तर ज्योत निळी. हवा कमी पडली का ज्योत पिवळी, भांडं काळं. आन तवाच एक जहरी गॅस होते. त्याले ना रंग, ना वास. मानूस झोपते, आन उठत नाई."

मोनानं शेगडीकडे पायलं. पिवळी. लांब, मऊ, झेंडूच्या पाकळीवानी डुलत होती. भगोनं बुडाले काजळलं होतं. किती सुंदर, तिले वाटलं. असंच पायत बसावं...

मायच्या मांडीवरचा धागा हलत नव्हता.

"माय!"

माय हलली नाई.

मोनाचे पाय कापसाचे झाले होते. ती रांगत गेली, शेगडीचं बटन फिरवलं, कडी ओढली. दार उघडताच हवा आत धावली, आन सकाळपासूनचा धागा उठला. खोलीभर सोनेरी जाळं. त्या जाळ्यातूनच मोनानं मायले बगलेत धरून अंगनात ओढलं आन बोंब ठोकली. शेजारचा इश्वर ऑटो काढाले धावला.

थंड हवेत मायनं मोठा श्वास घेतला. भडभडा वकली. डोळे किलकिले केले.

"दार कोनं उघडलं व?"

"मीनं."

"भवाने! अख्खा धागा गेला माहा!"

एरवी मोना एकाचे चार ऐकवती. आता तिनं मायचं डोकं छातीशी दाबलं. "गेला त जाऊ दे. अजून शिव्या दे, माय. देत राय. झोपू नोको."

ऑटो दवाखान्याकडे निंगाला. माय शिव्या देत होती, मोना हूं हूं करत होती, आन मायच्या केसाले अडकलेला एक सोनेरी धागा मागं वाऱ्यावर लांब लांब होत चालला होता.