तारेखालचं कुंकू

मार्गशीर्षातलं उतरतं ऊन, फिकट ऊन, दमलेलं ऊन, माणदेशाच्या पिवळ्या माळावरून सरकत हिंदुरावांच्या अंगणात आलं. तिथे त्यांची जुनी मोटारसायकल उभी होती. मालकाला जाऊन महिना झाला होता.

त्या पहाटे हिंदुरावांच्या छातीत कळ उठली होती. संपतने वडिलांना मागे बसवलं आणि किक मारली. एक किक, दहा किका, चाळीस किका. गाडी मुकीच राहिली. शेजारची जीप येईपर्यंत वडिलांची मान पोराच्या पाठीवर कलंडली होती.

तेव्हापासून संपत स्वतःच्या उजव्या पायाचा राग राग करत होता. गाडी का चालू झाली नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं. त्यावाचून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

म्हणून आज दस्तगीर मिस्त्री आला होता, हिंदुरावांचा लहानपणापासूनचा सोबती. त्याने प्लग काढून पाहिला, ठिणगी नाही. बॅटरीच्या दोन टोकांना बल्ब लावला. लखलखीत, तेजःपुंज पेटला. मग बल्बच्या तारेचं एक टोक बॅटरीवरून काढून गाडीच्या सांगाड्याला टेकवलं, आणि तोच बल्ब विझू विझू झाला.

“बॅटरीत जीव हाय,” दस्तगीर म्हणाला, “पर बॉडीला अर्थिंगच न्हाई.”

बॅटरीची तार सांगाड्याला जोडणारा सीटखालचा बोल्ट त्याने सोडला, तार उचलली. तारेखाली लोखंड दिसेना. दिसलं ते कुंकू. तेलात कालवलेलं, थरावर थर चढलेलं, रक्तश्याम, कठीण कुंकू.

दर दसऱ्याला हिंदुराव बॅटरी काढून धुवायचे, आणि तारेखालच्या त्या उघड्या जागी त्यांची बायको हौसा पूजेच्या कुंकवाचं बोट टेकवायची. सवाष्णीच्या हातचं कुंकू पुसायचं नसतं, असं म्हणत ते त्यावरच तार आवळायचे. बावीस दसरे असेच गेले. मायेचा एकेक थर विजेची वाट अडवत गेला, आणि दोघांनाही ते कधी कळलं नाही.

दस्तगीरने ती जागा खरवडली, पुसली. फडकं मुठीत लपवलं.

“गंज हुता, वैनी.”

“दावा, भावजी.”

हौसाबाईंनी त्याची मूठ उघडली. फडक्यावरचा लाल रंग त्यांनी बोटाने चोळून पाहिला. कपाळ कोरं, ओठ कोरडे, डोळे कोरडे.

“संपत,” त्या म्हणाल्या, “तुज्या पायाचं काय बी चुकलं न्हाई, लेकरा. ह्ये माज्या हातचं हाय.”

दस्तगीरने तार आवळली, किक मारली. पहिल्याच किकेला गाडी गरजली.

संपत हुंदका देत आईकडे धावला. तिने त्याला जवळ घेतलं नाही. उजव्या हाताचं ते एक बोट तिने पदरात गुंडाळलं, घट्ट, आणखी घट्ट. आणि अंगणात गाडी धडधडत राहिली, धडधडत राहिली, ती बंद करायला कुणाचाच हात उठेना.