नाड्यानं फिरलेली मोटार

शुभांगीच्या पत्राला खैरनार सरांनी उत्तर दिलं नव्हतं. त्यातलं एक वाक्य त्यांना काट्यासारखं सलत होतं : 'सर, वीज इतकी सोपी करून सांगणारा माणूस मी आजवर पाहिला नाही.' जिला त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं त्या शुभांगीनं हे लिहावं, आणि तेही एका महाराजाबद्दल! शेवटी तिनं विचारलं होतं, 'त्यांचं ऐकून गिरणीच्या मोटारीचा डबा काढू का?' सर उत्तर लिहायला बसत आणि उठत. आपण खरं सांगतोय की नुसते जळतोय, हेच त्यांना कळेना. अखेर एका रविवारी ते नाशिकहून पेठच्या एसटीत बसले.

करंजवाडीत शुभांगीच्या सासरच्या पिठाच्या गिरणीसमोर ही गर्दी! भारनियमनाची वेळ होती. अशा वेळी तीन फेजपैकी एक बंद होई. घरातले दिवे लागत, पण गिरणी मुकी. एक फेज गेला की मोटार आपोआप बंद करणारा डबा भिंतीवर होता. शुभांगीच्या सासऱ्यांनी, भिमाजींनी, तोच सकाळी उपटून कोपऱ्यात टाकला होता.

"डबा किरपेला आडवा येतो म्हन्ले महाराज," ते ज्याला त्याला सांगत होते.

महाराज पाटावरून गरजले, "भक्तांनो, सरकार म्हणतं तीन फेज पाहिजेत. ब्रह्मा, विष्णू, महेश! अरे, पण तत्त्व किती? एक! एक देव निजला तरी आमची मोटार धावते!"

सरांना हेवा वाटला. काय ही वाणी! त्यांच्या तासाला मागचे बाक घोरत. इथे कडेवरची पोरंसुद्धा टक लावून बसली होती.

महाराजांनी गिरणीचा पट्टा उतरवायला लावला आणि बटण दाबलं. मोटार 'हूंऽऽ' करत नुसती थरथरली. मग मंत्र पुटपुटत त्यांनी पुलीभोवती लाल नाडा गुंडाळला, हिसडा दिला, आणि मोटार भणाणत सुटली.

"बोला, महाराज की जय!"

"मग चढवा की पट्टा," नवसाबाई म्हणाली. तिच्या डोक्यावर नागलीची पिशवी होती. "माझ्या घरात पीठ नाय."

"आज मोटारीचा उपास, माई. पट्टा उद्या चढवा. आम्ही पुढच्या गावी निघालो की."

"उपास मोटारीचा आन् उपाशी आम्ही!"

हशा पिकला. त्याच्या आडून सर शुभांगीजवळ सरकले. चारचौघांत बोलायचं ते टाळत.

"उद्या पट्टा चढवलात तर मोटार जळेल," ते कुजबुजले.

"अगंबाई, सर! तुम्ही कधी आलात? पण फिरली की हो! आत्ता बघितलंत ना?"

"बंद कर. नाडा उलट्या बाजूनं गुंडाळ आणि पुन्हा चालू कर."

शुभांगी घुटमळली. ही एक मोटार गेली तर घराची चूल विझणार होती. तिनं बटण बंद केलं.

"सूनबाई, हात नको लावू! पाप लागंल!" भिमाजी ओरडले.

"नाडा महाराजांचाच आहे, मामा." पुली थांबताच तिनं तो उलटा गुंडाळला, बटण दाबलं, हिसडा दिला. मोटार फिरली. उलटी!

"आता किरपा कुनीकडं निघाली, महाराज?" नवसाबाईनं विचारलं.

"बाईचा हात लागला. विटाळ झाला..."

"विटाळानं बंद पडंल का फिरंल?"

महाराज झगा सावरत जीपकडे वळले. भिमाजींनी कोपऱ्यातला डबा उचलून पुसला. लोकांनी शुभांगीसाठी टाळ्या वाजवल्या. सरांना आता तिचाही हेवा वाटला.

"पण सर, ती फिरली कशानं?" शुभांगीनं बटण बंद करत विचारलं.

"लिहून पाठवतो," म्हणत त्यांनी एसटी गाठली.

घरी आल्याबरोबर त्यांनी लिहिलं : 'चि. शुभांगीस आशीर्वाद. तीन फेज म्हणजे जात्याभोवती बसलेल्या तीन बाया. एकीचा जोर सरला की दुसरीचा लागतो, म्हणून जातं आपणहून फिरतं. एक फेज गेला की जोर नुसता पुढे-मागे होतो; मोटार हुंकारते, पण सुरू होत नाही. कुणीही हिसडा द्यावा, ती त्या बाजूला चालू लागते. मात्र तिघींचं दळण उरलेल्या दोघींवर पडलं की मोटारीतल्या तारा तापून जळतात. डबा त्यासाठीच आहे, तो पत्र मिळताच बसवून घे. महाराज बोलतो छान. मला ते कधी जमलं नाही. पण कुणी कितीही छान बोलला तरी गावाला सांग : जयजयकार करण्याआधी ती गोष्ट आपल्या हातानं करून बघा.'

पाकीट चिकटवल्यावर त्यांना वाटलं, याहून सोपं लिहायला हवं होतं. तरी चपला घालून ते कोपऱ्यावर गेले आणि पत्र पेटीत टाकलं.