मोरजीचे पाव्हणे

"ठेवा ती घागर खाली! पावण्यान पाणी भरला तर लोक आमका काय म्हणतले?"

जानकीने बाबलीच्या हातातली घागर जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि ती विहिरीकडे चालती झाली. बाबली रिकाम्या हातांनी अंगणात उभा राहिला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण चेहरा असा पडला, की बघणाऱ्याला हसावं की हळहळावं कळू नये.

गंमत म्हणजे हे पाव्हणे आले होते चार दिवसांसाठी आणि राहिले सहा वर्षांहून जास्त. बाबली गोव्यातल्या मोरजीचा, शिडं शिवणारा. तिकडे तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य, म्हणजे मालवण त्याला परमुलूखच. हौसाबाईच्या नवऱ्याच्या मचव्याचं शीड फाटलं म्हणून तो आला, त्यांच्याच घरी उतरला आणि त्याच आठवड्यात सरहद्द बंद झाली. चोरवाटेने परत गेलेल्या एका गाववाल्याला पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीज शिपायांनी, धरून तुरुंगात डांबलं, हे कानावर आल्यावर बाबलीची छातीच झाली नाही. पुढे हौसाबाईचा नवरा वारला, मुलगा हरिश्चंद्र मचवा चालवू लागला, जानकी सून म्हणून आली. पाहुणचारात मात्र तसूभर फरक पडला नाही.

पहिलं पान पाव्हण्यांचं. बंदरावर शिडं शिवून आल्यावर बाबली कधी सुरमई आणायचा, तर तिचा मधला तुकडा फिरून त्याच्याच पानात यायचा. उष्टं ताट त्याने उचलायचं नाही, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. हौसाबाई म्हातारी, फटकळ. आख्खी आळी तिला टरकून असायची. हरिश्चंद्राला ती येता-जाता फैलावर घ्यायची. बाबलीशी बोलताना मात्र तिच्या जिभेवर साखर. त्या साखरेचा बाबलीला कधीच वीट आला होता. आपल्यालाही तिने एकदा झापावं, असं त्याला वाटायचं. पण हे सांगायचं कुणाला? लोक वेड्यात काढतील.

आणि आता तर सगळाच घोळ होऊन बसला होता. महिन्यापूर्वी गोवा सुटला. बंदरावर लोकांनी साखर वाटली, त्याच्या पाठीवर थापा मारल्या. "काय बाबली, आता काय, चैन आसा तुजी!" तोही हसला. घरी म्हातारी आई होती, भाऊ होता. बायको तर कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. आईची आठवण यायची. पण ट्रंक भरायला घेतली की हात थांबायचा. आज एक शीड राहिलंय, उद्या शिडाच्या कडेला दोर भरायचाय, असं म्हणत त्याने महिना काढला.

हौसाबाईने 'जा' म्हटलं असतं तर तो गेला असता. 'राहा' म्हटलं असतं तर राहिलाही असता. पण पाव्हण्याला कधी जाणार म्हणून विचारायचं नसतं, आणि त्याला आईपासून तोडून ठेवूनही घ्यायचं नसतं. त्यामुळे ती बाई काहीच बोलेना. रोज फक्त म्हणायची, "जेवलात मां पोटभर?" हिला आपण हवे आहोत की नको, हे त्याला काही केल्या उमगत नव्हतं.

जानकीने घागर हिसकावली त्याच दिवशी कलत्या उन्हात अंगणात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्यावरचे केस पिकलेले, हातात पिशवी.

"बाबल्या!"

धाकटा भाऊ परशुराम. हाक मारता मारताच त्याला रडू फुटलं.

"वाट मेकळी जाली तरी येना कित्याक रे तू? आवय सकाळ-सांज वाट पळयता. सकाळच्या एसटीन चल."

"चलतंय," बाबली म्हणाला. दुसरं काय म्हणणार? आईचं नाव निघाल्यावर प्रश्नच मिटला होता. तरी तो अंगणात खांब होऊन उभा राहिला. पुढे काय करायचं असतं, हेच त्याला सुचेना.

एवढ्यात हौसाबाई दारात आली. तिने परशुरामाला नीट न्याहाळलं, सगळं समजून घेतलं आणि एकदम कडाडली, "अरे बाबली, बघतस काय मेल्या? पावणो दारात उभो आसा! पाय धुवक पाणी दी तेका! पाट मांड!"

बाबली धावला. विहिरीवर गेला, कळशी भरून आणली, परशुरामाच्या पायांवर पाणी ओतलं. पाट मांडला. जानकी तोंडाला पदर लावून बघत राहिली, पण तिनेही अडवलं नाही.

दिवेलागणीला पहिलं पान परशुरामाला वाढलं. बाबलीने वाढलं. "घे रे, लाजू नको," असं तो म्हणत होता, आणि आपण कुणाच्या वतीने आग्रह करतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. परशुराम प्रवासाने भुकेला, त्याने बांगड्याचं कालवण दोनदा मागून घेतलं.

मग चुलीपुढे तिघं बसली. सासू, सून आणि बाबली. हरिश्चंद्र मचवा घेऊन दर्यावर गेला होता.

"कालवण सपला," हौसाबाई भात वाढत म्हणाली. ना खंत, ना सारवासारव. "सोलकढी आसा थोडी. तेच्यार भागय."

बाबलीने भात कालवला. पहिलाच घास तोंडात घेतला आणि त्याला भरून आलं. ते लपवायला म्हणून तो म्हणाला, "मीठ कमी आसा."

"मग उठ आणि घे," हौसाबाई पानावरून मान वर न करता म्हणाली. "तुका काय आता हातात आणून देव?"

बाबली उठला. फळीवर मडकी होती, डबे होते, कोनाड्यात बरण्या होत्या. त्याने एक झाकण उघडलं, त्यात हळद. दुसरं उघडलं, त्यात कुळीथ. इतकी वर्षं या घरचं मीठ खाऊन ते कुठे ठेवतात हे त्याला माहीत नव्हतं. मागे दोघी जेवायच्या थांबल्या होत्या, पण सांगत कुणीच नव्हतं. उष्टा हात अंगापासून लांब धरून बाबली एकेक झाकण उघडत राहिला.