सिरेनाच्या झऱ्यावरची पोपटी गिटार

नेलिदा वारोकला गिटार येते हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि मान्य कुणालाच नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून ती घरच्या, कुम्बियाची नाचगाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये, लोस सेर्नीकालोसमध्ये, मागे उभी राहून साथीला गायची आणि खुळखुळे हलवायची. पुरुष जेवायला बसले की कोपऱ्यात टेकवलेली इलेक्ट्रिक गिटार उचलून बघायची. बघायची कसली, वाजवायची. आमच्या मांतारोच्या खोऱ्यात सणाचं जेवण म्हणजे आधी मक्याचं सूप, मग गिनीपिग, मग बटाटे, मग दारू, मग रडणं. तेवढ्या वेळात माणूस काहीही शिकून घेईल.

मग एक दिवस बँडचा गिटारवाला राजधानीत, लिमाला पळाला, तोही गिटारीसकट. सान्तियागोचा, म्हणजे गुरांचा सण महिन्यावर आलेला. बँडचा मालक आणि गायक फिदेन्सियो, म्हणजे नेलिदाचा थोरला दीर, डोक्याला हात लावून बसला. कुम्बियात गाणारा नसला तरी एक वेळ निभतं, पण पुढची गिटार नसेल तर लोक बियर संपवून घरी जातात. नेलिदा म्हणाली, मी वाजवते. फिदेन्सियो हसला. ती हसत नाही हे बघून म्हणाला, "कशावर? झाडूवर?"

झालं! बाईला डिवचायचं असेल तर निदान तिच्या हातात काय आहे ते बघून डिवचावं. तिच्या हातात त्या वेळी कुऱ्हाड होती, ती सरपण फोडत होती. तिनं कुऱ्हाड खाली ठेवली, हात पुसले आणि माळ्यावर चढली. पाटाकडेचं आलिसोचं झाड वाऱ्यानं आडवं झालं होतं, त्याच्या फळ्या माळ्यावर धुरात वाळत पडल्या होत्या. त्यातली सगळ्यात रुंद फळी तिनं पाठीला बांधली आणि वांकायो शहराच्या गाडीत बसली. नवरा आब्दोन बँडमध्ये ढोल वाजवायचा आणि घरात वाद पेटला की ढोलाचे स्क्रू आवळत बसायचा. तेव्हाही तो तेच करत होता.

वांकायोला इसिद्रो मास्तर गिटारी बनवायचा. तिरसट म्हणजे किती, गिऱ्हाईक दारात आलं की आधी "बंद आहे" म्हणायचा. त्यानं फळी वाजवून पाहिली, हुंगून पाहिली, आणि कोपऱ्यातली बटाट्यांची टोपली तिच्यापुढे सरकवली. "सोल," म्हणाला.

नेलिदाचं डोकंच फिरलं. "मी गिटार करून घ्यायला आलेय, तुमच्या स्वयंपाकाला नाही."

"गिटार धरलीस की तू पुरुषांसारखी धरणार, कारण त्यांचंच बघून शिकलीस," मास्तर म्हणाला. "तुझा खरा हात मला कामात बघायचाय. सोल."

तिनं सोलले. तो मनगट बघत राहिला, मधेच लोकरीच्या दोऱ्यानं अंगठ्यापासून करंगळीपर्यंत माप घ्यायचा, गाठ मारायचा. मग पाठीवर ओझं देऊन उभं केलं आणि खांदा कुठे झुकतो ते पाहिलं. त्या मापांवरून त्यानं गिटारीचा दांडा बारीक केला, तारांचं अंतर कमी केलं, आणि जिथे प्रत्येक गिटार तिच्या छातीला रुतायची तिथे लाकूड खोलगट कोरलं. रंगावरून मात्र दोघांचं वाजलं. मास्तरला लाकडाच्या रेषा दिसायला हव्या होत्या. नेलिदाला पोपटी रंग हवा होता आणि कडेनं राणी.

"शोभत नाही गं," तो म्हणाला.

"शोभायला नकोच आहे. दिसायला हवीय."

गिटार तयार झाली तेव्हा ती तिनं मास्तरच्याच दुकानात कर्ण्याच्या मशीनला जोडून वाजवली. बोटं जिथे जायची तिथे आपोआप जात होती, काही ओढावं ताणावं लागत नव्हतं. इतकी वर्षं आपण परक्याच्या चपला घालून नाचत होतो हे तिला तेव्हा कळलं, आणि तिला रडू आलं. मास्तरनं तिला बाहेर जाऊन रड म्हणून सांगितलं, लाकडावर थेंब पडतात.

घरी आल्यावर फिदेन्सियोनं गिटार उलटीपालटी करून पाहिली. नावं ठेवायला काही सापडेना. मग त्यानं ठेवणीतलं काढलं.

"सगळं खरं. पण सिरेनानं लावल्याशिवाय नवं वाद्य माझ्या मंचावर चढत नाही."

हे मात्र तो उगाच बोलत नव्हता. वरच्या धबधब्याच्या कुंडात सिरेना राहते, म्हणजे जलपरी म्हणा. नवी हार्प असो, गिटार असो, सणाआधी एक रात्र तिच्यापाशी ठेवायची, सोबत कोकाची पानं, उसाची दारू आणि गोड बिस्किटं. रात्रीतून ती तारा लावून देते. तिनं लावलेल्या वाद्यावर लोकांचे पाय थांबत नाहीत, न लावलेल्यावर हलत नाहीत. आणि कुंडावर जायचं ते पुरुषांनी. बाई गेली तर सिरेनाला मत्सर वाटतो म्हणे. नेलिदाही लहानपणापासून हे ऐकत आलेली, ती काही देवाधर्माला तोडून वागणारी नव्हती. तिनं स्वतःच्या हातानं बिस्किटं बांधून दिली, गिटार दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि बजावलं, "भाऊजी, प्लास्टिक काढू नका. आत विजेचं काम आहे."

सणाच्या आदल्या सकाळी फिदेन्सियो गिटार घेऊन आला, अंगणात चारचौघांसमोर मशीनला जोडली आणि तारांवरून बोटं फिरवली. आवाज नाही. बटणं पिळली. काही नाही.

"नको म्हणतेय ती," फिदेन्सियो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरंच पडलेला होता.

नेलिदानं विचारलं, ठेवली कुठे होती? त्यानं अभिमानानं सांगितलं, आजोबा ठेवायचे तिथेच, धबधब्याचे तुषार थेट तारांवर येतात त्या दगडावर. आणि प्लास्टिक? प्लास्टिक काढलं. "प्लास्टिकमधून तिचे हात कसे पोचणार?"

तिनं गिटार तिरकी केली. जिथे वायर खोचायची त्या भोकातून पाणी आलं ते थेट फिदेन्सियोच्या बुटावर. आजोबांची गिटार साध्या लाकडाची होती, उन्हात टाकली की वाळायची. पण याला सांगणार कोण? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यात हे एक. खरा राग तिला पुढे आला. आब्दोन स्क्रू आवळता आवळता हळूच म्हणाला की दादानं काल संध्याकाळीच वांकायोच्या रोमुलो गिटारवाल्याला फोन करून बोलावून ठेवलंय. म्हणजे सिरेनानं नको म्हणायच्या आधीच रोमुलोला हो म्हणून झालं होतं.

गाडीरस्त्याकडे जाताना कुंडाची वाट लागते. गिटार पाठीला बांधून मास्तरकडे निघालेली नेलिदा तशीच आत वळली. बिस्किटं तिथेच होती, भिजून लगदा झालेली. ती काठावर उभी राहिली आणि पाण्याला म्हणाली, "तूही बाईच ना गं? तुला काय म्हणून माझा मत्सर? आजवर पुरुषांच्या तारा लावून दिल्यास, त्यातल्या एकानं तरी तुला वाजवून दाखवायला बोलावलं का? सूर नसशील देत तर नको देऊ. मी मागायला आलेली नाही, वाजवणार आहे एवढं सांगायला आलेय." आणि ती जराशी घाबरलीही. पाय भराभर उचलत रस्त्याला लागली.

इसिद्रो मास्तरनं गिटार उघडली आणि तिच्या दिराच्या सात पिढ्या काढल्या. तिला वाटलं, मास्तर शहरातला, त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नसणार. पण तो म्हणाला, "मीही नेतो सिरेनापाशी. प्रत्येक गिटार नेतो. पण आतलं सगळं काढून नेतो, मग बसवतो. तिला लाकूड लागतं, तांब्याची तार घेऊन ती काय करणार आहे?"

तारांखालची, आवाज पकडणारी वेटोळी जळाल्यातच जमा होती. लिमाच्या एका गिऱ्हाइकासाठी तयार केलेल्या गिटारीतली त्यानं उपटून हिच्यात बसवली. लिमावाला थांबेल, म्हणाला. पण लाकूड पाणी प्यायलेलं होतं. त्यावर उपाय नव्हता. "दर गाण्याला सुरातून उतरणार ही. दर वेळी लावून घ्यावी लागेल, लोकांसमोर. जमेल?"

ती म्हणाली, जमवते.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा गुरांच्या कानांत रंगीत फिती ओवून झाल्या होत्या आणि मैदानात ऊन रखरखत होतं. रोमुलो मंचाच्या खाली सूप पीत बसला होता, त्याची गिटार अजून पेटीत. नेलिदा थांबली नाही, कुणाला विचारलं नाही. सरळ मंचावर चढली, वायर खोचली आणि फिदेन्सियो तोंड उघडायच्या आत सुरू झाली. आब्दोननं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्क्रू सोडून ढोलावर काठी मारली.

काय वाजली म्हणून सांगू! पहिल्या फेरीतच धूळ उठली. म्हाताऱ्या टोप्या धरून नाचायला लागल्या. रोमुलोचा चमचा वाटीत राहिला. गाणं संपलं आणि फिदेन्सियोनं माईक हातात घेतला. तो काही मूर्ख नव्हता, वारा ओळखायचा.

"मंडळी, सिरेना पावली! परवा माझ्या या हातांनी तिच्यापाशी ठेवली होती ही गिटार. तिनंच लावून दिली!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो नेलिदाकडे झुकून पुटपुटला, "गप्प राहा फक्त. तुला गिटार मिळाली, माझा बँड राहिला. कुणाचं काय बिघडलं?"

खरं तर काहीच बिघडलं नव्हतं. तिला जे हवं होतं ते तिच्या गळ्यात अडकवलेलं होतं. पण सिरेना जे देते ते काढूनही घेते, आणि तिच्या मनातलं कळतं एकट्या फिदेन्सियोला. पुढच्या सणाला सिरेना रुसणार, आणि तेव्हा रोमुलो सूप पीत बसणार नाही. आज गप्प राहिले तर ही गिटार माझी नाही, यांनी वापरायला दिलेली. नेलिदानं हात पुढे केला आणि माईक काढून घेतला. इतकी वर्षं गात होती, पण माईकवर बोलली कधीच नव्हती.

"सिरेनानं नाही लावली," ती म्हणाली. आवाज थरथरला, म्हणून तिनं तो वाढवला. "तिच्यापाशी ठेवली आणि ही बुडून मेली. मास्तरनं जिवंत केली आणि लावली मी. मीच वाजवतेय. कुणाला भीती वाटत असेल त्यानं नाचू नये."

मैदान असं गप्प झालं की गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येऊ लागल्या. एका बाईनं छातीवर क्रूस काढला. पुढे उभे होते ते दोन पावलं मागे सरकले. फिदेन्सियो दात आवळून म्हणाला, बुडवलंस. आणि रोमुलोला वर येण्याची खूण केली.

गिटार उतरली होती. नेलिदानं ती तिथेच लावायला घेतली. कर्ण्यांतून एकेक तार कण्हत, कुंथत वर चढत होती आणि सगळं गाव ऐकत होतं. असं काही कुणी कधी ऐकलं नव्हतं, कारण वाद्य इथे लागूनच यायचं. तिच्या कानशिलांवरून घाम वाहत होता, पण तिनं घाई केली नाही. शेवटची तार जागेवर आली तेव्हा तिनं मान वर केली आणि दुसरं गाणं सुरू केलं.

कुणी हललं नाही. पूर्ण गाणं, सगळ्या कडव्यांसकट, ती थिजलेल्या मैदानासमोर वाजवत राहिली. थांबावंसं वाटलं, फार वाटलं. आब्दोनचा ढोल मात्र सुटला नाही. ते संपलं, तिनं पुन्हा तारा लावल्या, तिसरं धरलं.

आणि मागे, बियरच्या क्रेटांपाशी, काहीतरी हललं. तिथले बाप्ये सकाळपासून पीत होते. सिरेनानं लावली की नाही, माईकवर कोण काय बोललं, त्यांच्या कानावर काहीच गेलं नव्हतं. त्यांना फक्त गिटार ऐकू येत होती. एक उठला, दुसऱ्याला ओढून उभं केलं, आणि दोघं एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून पाय आपटू लागले. मग तिसरा. मग त्यांच्यापैकी एकाची बायको त्याला खेचून न्यायला आली आणि तिथेच राहिली. तिच्या घागऱ्याचा घेर फिरला तशी पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून पाहू लागली. दारुड्यांचे पाय हलतात, त्या बाईचे हलतात, मग आपलेच काय म्हणून थांबलेत? क्रूस काढणारी बाई इकडेतिकडे बघून एक पाऊल पुढे आली. धूळ पुन्हा उठली. रोमुलो खूण झाल्यापासून मंचाच्या पायरीवर एक पाय ठेवून ऐकत उभा होता, आता त्यानं पाय खाली घेतला आणि सूप गरम करून मिळेल का विचारायला गेला.

गाणं सरत आलं तसा फिदेन्सियोचा चेहरा बदलला. त्यानं शर्ट ठीक केला, तोंडावर हसू आणलं आणि माईककडे हात नेला. सिरेनाचं नाव त्याच्या ओठांवर आलेलं दिसतच होतं. नेलिदानं वाजवणं न थांबवता त्याच्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली, नाही म्हणून.

त्यानं हात मागे घेतला. मग मागे जाऊन त्यानं नेलिदाचे खुळखुळे उचलले.